निवळलेली त्वचा आणि न निवळलेला विकार

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यवसायातील चर्चासत्रे, स्मरणिका आणि औषधी कंपन्यांची माहितीपत्रके यांतून ‘जनुक’ हा शब्द चांगलाच रुळला आहे. एखाद्या तेलाच्या वेष्टनावर ‘जनुकीय पातळीवर कार्य करणारे’ असे ठळक छापलेले आढळते. एखादे वक्ते चरकोक्त ‘बीजभागावयव’ म्हणजेच आजचा ‘जीन’ असे एका वाक्यात सांगून टाळ्या घेतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. आम्हांला या दोन्ही प्रकारांचे कौतुक नाही. परंतु त्यांचा वीट येऊन जनुकविषयक संशोधनच दुर्लक्षिणे हेही शहाणपणाचे नव्हे. विशेषतः इसबाच्या बाबतीत गेल्या दोन दशकांत जे काम झाले आहे, त्यातून निघणारा एक निष्कर्ष आपल्या रोजच्या व्यवहाराशी थेट भिडतो. औषध केव्हा थांबवावे, आणि मलमात व तेलात काय असू नये, हे दोन प्रश्न वैद्य व फार्मसीचालक या दोघांच्याही जिव्हाळ्याचे आहेत. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

येथे इसब म्हणताना आम्हांला आधुनिक वैद्यक ज्याला ‘ॲटोपिक डर्माटायटिस’ म्हणते तो विकार अभिप्रेत आहे. बालपणी सुरू होणारा, कोपराच्या व गुडघ्याच्या लवणीत ठाण मांडणारा, घरात दमा वा सर्दी-शिंकांचा इतिहास असलेला, रात्री झोपू न देणारा. आपण त्याचे निदान बहुधा क्षुद्रकुष्ठांतील विचर्चिकेत करतो. चरकांनी वर्णिलेली कंडू, पिडका, श्याव वर्ण व स्राव ही लक्षणे ओल्या इसबाशी जुळतात. सुश्रुतांच्या वर्णनातील रूक्षता व भेगा जुनाट, कोरड्या इसबाशी. मात्र संपर्कजन्य इसब, पायावरील शिरांच्या विकारातून होणारे इसब हेही आपण याच नावाखाली मोजतो. म्हणून पुढे येणारे संशोधन प्रत्येक विचर्चिकेला जसेच्या तसे लावता येणार नाही, एवढे आरंभीच ध्यानात ठेवावे.

मूळ मुद्द्याकडे वळण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण बहुतेक गोंधळ तेथेच होतो. जनुक असणे वेगळे आणि जनुक क्रियाशील असणे वेगळे. शरीरातील बहुतेक पेशींत जनुकांचा तोच संच असतो. यकृताच्या पेशीत आहे तोच त्वचेच्या पेशीत. घरोघरी पोथी एकच असावी, पण कोणत्या घरी कोणता अध्याय लावला जातो, किती वेळा आणि किती मोठ्याने वाचला जातो हे निराळे असावे, तसा हा प्रकार आहे. पेशी ज्या जनुकाचे वाचन करते, त्याची संदेशवाहक प्रत तयार होते आणि त्या प्रतीवरून प्रथिन घडते. त्वचेचा लहानसा तुकडा काढून त्यातील या प्रती मोजल्या म्हणजे तेथे कोणती जनुके जागी आहेत आणि कोणती निद्रिस्त, हे कळते. अलीकडे तर तुकडा काढण्याचीही गरज नेहमी पडत नाही. चिकटपट्टी लावून उचललेल्या बाह्य थरांवरूनही बरीच माहिती मिळते. बीज बदलत नाही, वाचन मात्र आहार, जंतुसंसर्ग, औषध, हवा यांनी बदलू शकते. वैद्याच्या हाती जे काही आहे ते या दुसऱ्या भागात आहे.

पहिला मोठा शोध मात्र जनुकाच्या घडणीविषयीच होता. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील आयर्विन मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की, ‘फिलॅग्रिन’ नावाचे प्रथिन घडवणाऱ्या जनुकात जन्मजात खोट असेल तर इसब होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. युरोपीय वंशाच्या सुमारे ९ टक्के लोकांत अशी खोट आढळते, असे त्या वेळी सांगितले गेले. फिलॅग्रिनचे काम समजून घेण्यासारखे आहे. बाह्यत्वचेच्या पेशी वर सरकत सरकत चपट्या होतात तेव्हा त्यांतील केराटिनचे तंतू एकत्र बांधण्याचे काम हे प्रथिन करते. पुढे त्याचेच विघटन होऊन असे घटक तयार होतात, की जे त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पाणी धरून ठेवतात. फिलॅग्रिन कमी पडले की त्वचा कोरडी पडते, आतील ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचे जंतू, धूळ, साबण, परके प्रथिन यांना आत वाट मिळते.

हे वाचताच आपल्यापैकी अनेकांना चरकांच्या शारीरस्थानातील सहा त्वचांचे वर्णन आठवेल. त्यांतील पहिल्या त्वचेचे नावच मुळी ‘उदकधरा’ आहे. आम्हांलाही ते आठवले आणि आनंद झाला. पण तो आनंद तेथेच ठेवावा. सर्वांत वरची त्वचा पाणी धारण करते हे निरीक्षण थोर आहे; त्यावरून आचार्यांना फिलॅग्रिन ठाऊक होते असे म्हणणे हा त्यांचा गौरव नव्हे. सुश्रुतांनी आदिबलप्रवृत्त व्याधींत कुष्ठाची गणना केली, म्हणजे शुक्रशोणितातून येणारा वारसा त्यांनी ओळखला. एवढे त्यांचे श्रेय पुरेसे आहे, आणि ते कोणाला हिरावून घेता येणार नाही.

खरा बोध पुढच्या संशोधनात आहे. फिलॅग्रिनची खोट असलेल्या अनेकांना जन्मभर इसब होत नाही, आणि इसब असलेल्या बहुसंख्य रुग्णांत ही खोट नसते. मग त्यांची त्वचा तशीच कोरडी आणि सच्छिद्र का? २००७ साली अमेरिकेत डेन्व्हर येथील डोनाल्ड लुंग यांच्या गटाने याचे उत्तर दिले. इसबाच्या त्वचेत जी दाहक्रिया चालू असते, तीत इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ ही रसायने स्रवतात. ही दोन रसायने त्वचेच्या पेशींवर पडली की फिलॅग्रिनचे वाचन मंदावते. जनुक पूर्णपणे निर्दोष असले तरीही! म्हणजे कोट पडका असल्याने शत्रू आत येतो हे जितके खरे, तितकेच आतल्या धुमश्चक्रीत कोटाची डागडुजी थांबते हेही खरे. खाजवण्याने कोट आणखी ढासळतो. खाजेलाही तिचे स्वतंत्र रसायन आहे. इंटरल्यूकिन-३१ या नावाने ते २००४ साली ओळखले गेले. हे चक्र कोठून सुरू झाले हे शोधण्यापेक्षा ते अनेक ठिकाणी एकदम कसे तोडता येईल हा चिकित्सकाचा प्रश्न आहे.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो निष्कर्ष. न्यूयॉर्क येथील एमा गुटमन-यास्की आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ साली इसबाच्या रुग्णांच्या दोन प्रकारच्या त्वचेची तुलना निरोगी माणसांच्या त्वचेशी केली. एक नमुना चट्ट्याचा, दुसरा त्याच रुग्णाच्या अंगावरील वरवर पाहता स्वच्छ असलेल्या जागेचा. अपेक्षा अशी की स्वच्छ जागा निरोगी त्वचेसारखी असावी. तसे आढळले नाही. बाह्य थर परिपक्व करणाऱ्या अनेक जनुकांची क्रिया त्या स्वच्छ दिसणाऱ्या जागीही मंदावलेली होती, आणि दाहाशी संबंधित जनुके कमीअधिक प्रमाणात जागी होती. चट्ट्यात जे मोठ्याने चालले होते, तेच शेजारच्या गोऱ्या-गोमट्या कातडीत हळू आवाजात चालू होते.

याला पूरक असे दुसरे काम व्हिएन्ना येथून २०२१ साली प्रसिद्ध झाले. ड्युपिलुमॅब हे इंटरल्यूकिन-४ व १३ या दोहोंचा मार्ग रोखणारे इंजेक्शन अमेरिकेत २०१७ पासून मान्य आहे. त्याने चट्टे निवळतात आणि त्वचेतील जनुकांचे वाचनही बऱ्याच अंशी पूर्वपदावर येते. परंतु वर्षभर हे औषध घेऊन चट्टे पूर्ण गेलेल्या रुग्णांच्या त्वचेतही रोगाची स्मृती बाळगणाऱ्या काही पेशी ठाण मांडून बसलेल्या आढळल्या. औषध थांबवल्यावर विकार पुन्हा त्याच जागी का उठतो, याचा काही उलगडा यातून होतो. इतके महागडे, इतके नेमके औषध. तरी डोळ्यांना दिसणारी शुद्धी आणि त्वचेची खरी शुद्धी यांत अंतर राहतेच.

वैद्यबंधूंनो, आपल्या दवाखान्यात काय घडते ते पाहू. रुग्ण येतो, महामंजिष्ठादी काढा, आरोग्यवर्धिनी, गंधक रसायन, एखादे तिक्तक घृत आणि लावण्यास तेल घेऊन जातो. सहा आठवड्यांत खाज उतरते, स्राव थांबतो, वर्ण पालटू लागतो. रुग्ण म्हणतो, ‘डॉक्टर, ऐंशी टक्के फरक आहे,’ आणि पुढच्या वेळी येत नाही. आपणही त्याच्या केसपेपरवर ‘उपशम’ असे लिहून मोकळे होतो. मार्गशीर्षात हवा कोरडी झाली की तो परत येतो. किंवा अधिक खरे म्हणजे परत येत नाही, दुसऱ्या दवाखान्यात जातो आणि तेथे सांगतो की आयुर्वेदही करून पाहिला. आपल्या नोंदवहीत मात्र तो बरा झालेला असतो. अशा नोंदींच्या आधारे आपण परिषदेत निबंध वाचतो.

आपल्या संहितांनी निवळलेल्या त्वचेवर एवढा भरवसा कधीच ठेवलेला नाही. कुष्ठात पंधरवड्याला वमन, महिन्याला विरेचन, सहा महिन्यांनी रक्तमोक्षण असा जो क्रम सांगितला आहे, तो एकदा शोधन करून हात झटकणाऱ्याचा क्रम नव्हे. ज्याने दोष पुनःपुन्हा संचित होताना पाहिले, ज्याला त्वचेच्या वरवरच्या प्रसादावर समाधान नव्हते, अशा निरीक्षकाचा तो क्रम आहे. ‘अपुनर्भव’ हा शब्द आपण सुवर्णप्राशनाच्या जाहिरातीतदेखील वापरू लागलो. त्याचा मूळ अर्थ मात्र हाच होता, की रोग दिसेनासा होणे आणि रोग पुन्हा न उद्भवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आजचे संशोधन ज्या अंतरावर बोट ठेवते, ते अंतर चिकित्साक्रमात गृहीत धरण्याची परंपरा आपल्याकडे आहे. शोधनाने त्वचेतील जनुकांचे वाचन पालटते, असा दावा मात्र आम्ही करणार नाही, आणि कोणी केल्यास त्याला पुरावा मागू. रुग्णाने सहा महिने, एक वर्ष आपल्याशी बांधलेले राहावे असा आग्रह धरण्यास हे कारण मात्र पुरेसे आहे.

आता मलमांविषयी. हा भाग लिहिताना लेखणी थोडी तिखट होईल, त्याला इलाज नाही.

स्टेरॉइड हे द्रव्य जनुकांच्या क्रियेवर काम करणाऱ्या औषधांचे एक प्रबळ उदाहरण आहे. ते पेशीत शिरते, तेथील ग्राहकाशी जोडले जाते आणि ती जोडी पेशीकेंद्रात जाऊन शेकडो जनुकांचे वाचन कमी-जास्त करते. दाहाची जनुके गप्प बसतात म्हणून दोन-तीन दिवसांत खाज थांबते. पण त्याच वेळी कोलॅजेन घडवणारी जनुकेही मंदावतात; म्हणून दीर्घ वापराने कातडी कागदासारखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मांडीवर-काखेत पट्टे उमटतात. २००९ साली जर्मनीत झालेल्या एका तुलनेत बीटामेथासोनने लक्षणे अधिक चांगली उतरली, पण बाह्यत्वचा पातळ झाली आणि तिच्यातील स्निग्ध थरांची रचना विस्कळीत राहिली. त्वचारोगतज्ज्ञ हे द्रव्य योग्य शक्तीचे, योग्य जागी, मोजक्या दिवसांसाठी देतो तेव्हा ते उपयुक्त औषध असते; त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती ते ‘शुद्ध वनौषधी’ या नावाखाली लपवून देण्याबद्दल.

हे केवळ कुजबुजीवर आधारलेले विधान नाही. १९९९ साली ब्रिटनमध्ये इसबासाठी वापरल्या जाणाऱ्या ११ चिनी वनौषधी मलमांची तपासणी झाली. त्यांतील ८ मध्ये डेक्सामेथासोन आढळले. २००३ साली बर्मिंगहॅम येथे मुलांसाठी पालकांनी आणलेल्या २४ ‘हर्बल’ मलमांपैकी २० मध्ये स्टेरॉइड निघाले, आणि त्यांत क्लोबेटासॉलसारखे अतिप्रबळ द्रव्यही होते. आपल्याकडे २०१८ साली केंद्र सरकारने बाह्य वापराच्या अनेक स्टेरॉइडांना अनुसूची ‘एच’ खाली आणून चिठ्ठीविना विक्रीस मनाई केली, ती त्यांचा मोकाट वापर हाताबाहेर गेल्यामुळेच. कायद्याने पुढचे दार बंद झाले की मागच्या दाराची किंमत वाढते. आमच्याकडे एक विक्रेता विनालेबल डबीतील मलम घेऊन आला होता. ‘तीन दिवसांत खाज बंद, पेशंट तुमचाच’ असे त्याचे म्हणणे. घटक विचारले तेव्हा ‘ते कंपनीचे सिक्रेट आहे’ असे उत्तर मिळाले. आयुर्वेदीय औषधाच्या लेबलावर सर्व घटक लिहिणे कायद्यानेच बंधनकारक आहे. तेथे गुपिताला जागा नाही. आपण त्याला चहा पाजून परत पाठवतो की पन्नास डब्या ठेवून घेतो, यावर आपल्या शास्त्राची इभ्रत अवलंबून आहे.

फार्मसीचालकांना आमची विनंती अशी की, जे मलम वा तेल दुसऱ्याकडून तयार करवून आपल्या नावाने विकले जाते, त्याच्या प्रत्येक घाणीचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत स्टेरॉइडसाठी तपासून घ्यावा आणि अहवाल मागणाऱ्या वैद्याला दाखवावा. खर्च येईल. पण एका लहान मुलाची कातडी आपल्या नावाच्या डबीने फाटली तर येणारा खर्च कोणत्या वहीत मांडणार? वैद्यांनीही, पूर्वी कोणते मलम किती दिवस लावले हे विचारल्याशिवाय चिकित्सा सुरू करू नये. प्रबळ स्टेरॉइड एकाएकी थांबले की विकार दुप्पट उसळतो आणि त्याचे खापर आपल्या काढ्यावर फुटते. पोटातून स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णाचे औषध तर संबंधित डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करण्यास सांगूच नये. तो जिवाशी खेळ आहे.

जुन्या औषधाला नव्या ज्ञानाने मान कसा मिळतो, याचे एक सुंदर उदाहरण याच क्षेत्रात आहे. दगडी कोळशाचे डांबर, म्हणजे कोल टार, पाश्चात्त्य वैद्यकात इसबासाठी फार पूर्वीपासून लावले जाई. वास उग्र, कपडे खराब, आणि ते का लागू पडते हे कोणालाच ठाऊक नाही. स्टेरॉइड आल्यावर ते मागे पडले. २०१३ साली नेदरलँड्समधील नायमेखन येथील एलेन व्हान डेन बोगार्ड आदी संशोधकांनी दाखवले की, हे डांबर त्वचेच्या पेशींतील एका विशिष्ट ग्राहकाला चेतवते आणि त्यामुळे इसबात मंदावलेले फिलॅग्रिनचे वाचन पुन्हा सुरू होते. त्याच ग्राहकावर काम करणारे टॅपिनारॉफ हे नवे मलम अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये इसबासाठी मान्य झाले. आपल्या करंजाचे, निंबाचे, हळदीचे, खदिराचे असे काही निघेल काय? निघू शकेल. पण डांबराला मान मिळाला तो रुग्णांच्या पेशींवर मोजमाप झाल्यानंतर. ‘आमच्याकडे हे आधीच होते’ असे म्हणून कोणाला मिळाला नाही.

लावण्याच्या तेलाचा प्रश्न याहून निकडीचा आहे, कारण तो आज घरोघर आहे. स्नेहन हा आपला हातखंडा उपाय. परंतु ‘तेल ते तेल’ ही समजूत सोडावी लागेल. शेफील्ड येथे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रौढांच्या हातावर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावले, तेव्हा बाह्य थराची बांधणी ढासळली. सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. त्याआधी २००२ साली उंदरांवरील प्रयोगात मोहरीच्या तेलाने त्वचेच्या तटबंदीची दुरुस्ती लांबली होती. उलट फिलिपाइन्समध्ये इसबाच्या ११७ मुलांवर आठ आठवडे केलेल्या तुलनेत, २०१४ साली, घाण्याचे शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. कोकणातील आणि गोव्यातील आजीबाईंना यात नवल वाटणार नाही. ऑलिव्ह हे विलायती, म्हणून बाळाच्या मालिशीला उत्तम, असे मानणाऱ्या शहरी पालकांना मात्र ते सांगण्याची गरज आहे. फार्मसीने सिद्ध तैलाचा आधार बदलताना, म्हणजे तीळ महागला म्हणून दुसरे तेल घालताना, केवळ भावाचा विचार करू नये. शेंगदाण्याच्या तेलाबाबत तर आणखी एक सावधगिरी आहे. २००३ साली ब्रिटनमधील गिडियन लॅक यांच्या गटाने लहानपणी इसबावर शेंगदाणा तेलयुक्त मलम लावणे आणि पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी होणे यांचा संबंध दाखवला. पोटातून पचणारे अन्न फुटक्या त्वचेतून आत गेले तर शरीर त्याला शत्रू मानू शकते. डाळीच्या पिठाची उटणी, दुधा-दह्याचे लेप चिघळलेल्या इसबावर लावण्याआधी यासाठीच थांबावे.

स्नेहनाच्या नावाने अतिरेकी आश्वासन देण्याचाही मोह टाळला पाहिजे. जन्मापासून रोज स्निग्ध मलम लावले तर इसब होणारच नाही, अशी आशा काही काळ होती. २०२० साली ब्रिटनमधील १३९४ अर्भकांवरील चाचणीचा निकाल आला. दोन वर्षांच्या वयात मलम लावलेल्या गटात २३ टक्के, न लावलेल्या गटात २५ टक्के मुलांना इसब होते. म्हणजे जवळजवळ फरक नाही. झालेल्या इसबात स्निग्ध लेप नित्य लावल्याने विकाराचे उठाव कमी होतात, याला आधार आहे. होणारे इसब तेलाने टळते, याला तसा आधार मिळाला नाही. सुवर्णप्राशनाच्या शिबिरात बाळाच्या आईला तेलाची बाटली देताना आपण यांपैकी कोणते वाक्य बोलतो?

आणखी एक गोष्ट परदेशी आकडे वाचताना लक्षात घ्यावी. डंडी येथे सापडलेली फिलॅग्रिनची खोट युरोपीय लोकांची. जपानी आणि चिनी रुग्णांत त्याच जनुकात निराळ्याच खोटी आढळल्या. २०१५ साली जपानी व कोरियन रुग्णांच्या त्वचेची तपासणी झाली तेव्हा तेथील दाहाची ठेवण युरोपीय रुग्णांपेक्षा वेगळी, काही अंशी सोरायसिसकडे झुकणारी दिसली. देश आणि सात्म्य यांचा विचार करायला शिकलेल्या वैद्याला हे पटायला वेळ लागू नये. विदर्भातील कोरडा हिवाळा आणि रत्नागिरीचा घाम यांत वाढलेल्या दोन मुलांचे इसब सारखे नसते, हे आपण डोळ्यांनी पाहतोच. म्हणून आपल्या माणसांच्या त्वचेची तपासणी आपल्याकडेच व्हायला हवी. प्रकृती आणि जनुके यांचा संबंध शोधण्याचे आरंभीचे काम पुण्यात भूषण पटवर्धन, कल्पना जोशी व अरविंद चोप्रा यांनी २००५ साली, आणि दिल्लीत भावना प्रशेर, मिताली मुखर्जी आदींनी २००८ साली केले. ते मोलाचे आहे. पण दोन्हींचा विषय इसबाची त्वचा नव्हता. त्यांचे दाखले देऊन आपल्या मलमाची जाहिरात करणे हे त्या संशोधकांवरही अन्याय करणारे आहे.

आमच्या मते आपल्या संघटनेने पुढील अधिवेशनातील एखाद्या सत्काराचा, शाल-श्रीफळांचा खर्च वाचवून एका छोट्या कामाला हात घालावा. एखादे आयुर्वेद महाविद्यालय आणि प्रयोगशाळा असलेली संस्था यांना एकत्र आणून, शोधनापूर्वी आणि त्यानंतर तीन व सहा महिन्यांनी, चट्ट्याचे तसेच स्वच्छ त्वचेचे चिकटपट्टीने नमुने घ्यावेत. शोधन न केलेला तुलनेचा गट असावा. निकाल आपल्या विरुद्ध गेला तरी तो याच त्रैमासिकात छापण्याचे आधीच ठरवावे. ही अट काही ज्येष्ठांना खटकेल याची आम्हांला कल्पना आहे.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. जनुके मोजण्याचे यंत्र दवाखान्यात नसले तरी प्रश्न विचारता येतात. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे २००४ साली तयार झालेली एक सोपी प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या आठवड्यात किती दिवस खाज होती, किती रात्री झोप मोडली, किती दिवस रक्त आले, पाणी पाझरले, भेगा पडल्या, पापुद्रे निघाले, आणि त्वचा कोरडी वा खरखरीत वाटली, एवढे सात प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. जास्तीत जास्त अठ्ठावीस. रुग्ण प्रतीक्षेत बसलेला असताना कंपाउंडरही ते भरून घेऊ शकतो. त्याला आपण एक आठवी ओळ जोडावी: चट्टा नसलेल्या जागी, पोटरीवर वा पाठीवर, हात फिरवून त्वचेचा स्पर्श कसा लागला, रूक्ष की स्निग्ध, खर की श्लक्ष्ण. स्पर्शपरीक्षा आपल्याला शिकवलेलीच आहे. पहिल्या भेटीत, चट्टे गेल्यावर, आणि त्यानंतर दर महिन्याला किमान सहा वेळा ही नोंद घ्यावी. चट्टा जाऊनही स्पर्श खरखरीतच राहिला तर घृत, अभ्यंग आणि पथ्य चालू ठेवावे, साबणाबद्दल पुन्हा विचारावे, आणि ‘उपशम’ हा शब्द केसपेपरवर लिहिण्याचे पुढच्या ऋतूपर्यंत लांबवावे. ताप येऊन अंगावर एकसारखे, मध्ये खळगा असलेले फोड अचानक उठले तर मात्र ना नोंद ना काढा. रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.